पुसलेला धोरा

खारोडी ढाणी,
होळी तोंडावर आली आहे

प्रिय पेंपो,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. माऊ आहे. तुझी आई जेवते, झोपते, शेळ्यांना शिव्या देते. हे आधीच लिहून टाकलं, कारण तुझी खोड मला ठाऊक आहे, तू पत्रसुद्धा शेवटाकडून वाचतेस. या वेळी तसं करू नकोस. मधलं सगळं वाचल्याशिवाय शेवट तुझ्या गळी उतरायचा नाही, आणि मला तो उतरवायचाच आहे.

फोन केला असता, पण फोनवर मी माऊचं नाव काढलं की तुझ्या घरात लगेच कुकरची शिट्टी होते. जोधपूरचे कुकर मोठे हुशार गं! चिडू नकोस, चेष्टा करतेय. शिवाय इथे अजूनही पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, आणि टाकीवरून बोललेलं सगळ्या ढाणीचं होतं. म्हणून शेळ्या सोडून आल्यावर झोपडीच्या सावलीत बसून लिहितेय. माऊ समोर खाटेवर आहे. दर दोन ओळींनी मी मान वर करून बघते. सवयच झाली आहे, हात काही का करेनात, डोळे खाटेवर. तुझा भाऊ म्हणतो, माझी मान कोंबडीसारखी झाली आहे. तो असं म्हणतो आणि स्वतः उंटाला पाणी पाजता पाजता तीनदा मागे वळतो.

तुझ्या लग्नानंतर इथे काय काय बदललं ते तुला अर्धंमुर्धंच माहीत आहे. वाळूच्या मोठ्या धोऱ्यावरून आपण गोणपाटावर बसून घसरायचो, आठवतं? तू माझी ओढणी घट्ट धरलेली, आणि मी नवी नवरी असून वाळूवरून घसरत खाली आले म्हणून शेजारची जन्नत चाची कितीतरी दिवस मला "आली बघा घसरणारी बहू" म्हणून हाक मारायची. आता त्या धोऱ्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. मुलांनी नाही, शेळ्यांनी नाही, पाण्याला जाणाऱ्या बायांनीसुद्धा वळसा घालून जायचं. तुझ्या भावाचा कायदा. बिनपावलांचा धोरा हीच आपली शेती, असं तो म्हणतो, आणि ते खोटं नाही. सडकेजवळच्या धोऱ्यांवर नुसती जत्रा असते, उंट, जीपगाड्या, चिप्सची पाकिटं. फोटो काढणारी माणसं तिथून पळून आपल्याकडे येतात ती एवढ्याचसाठी, की इथल्या वाळूवर वाऱ्याशिवाय कुणाची खूण नसते. पहाटे आणि ऊन कललं की ती धोऱ्यासमोर कॅमेरे लावून बसतात आणि श्वाससुद्धा हळू घेतात. धोऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी काळी पडते, मधली धार उठून दिसते, त्या धारेसाठी ही माणसं कुठून कुठून येतात. आपण जन्मभर त्याच्यापुढे भांडी घासली, आपल्याला कधी धार दिसली नाही.

आणि खूण झालीच तर ती पुसायची. हे काम माझ्याकडे. खींपाच्या फांद्यांचा मोठा भारा बांधायचा, त्याची दोरी कमरेला लावायची आणि चालत चालत तो मागून ओढत न्यायचा. आपली स्वतःची पावलंही मागून तो भारा पुसत येतो. दुपारी पुसलं की संध्याकाळपर्यंत वारा त्यावर लहरी काढून देतो, मग कुणाच्या बापाला कळत नाही इथून कुणी गेलं होतं म्हणून. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला हसू आलं होतं. तुझे बापू पागी. आयुष्यभर वाळूतली पावलं वाचून लोकांची हरवलेली गुरं आणि माणसं शोधून दिली त्यांनी. आणि त्यांची सून पावलं पुसायच्या कामाला!

आता माऊचं. तुझा भाऊ तुला "ठीक आहे, वय झालं" एवढंच सांगत असणार. ठीक नव्हतं, पेंपो. दिवाळीनंतर तिने एक नवीनच चालू केलं. एखाद्या सकाळी उठायचं, ओढणीच्या टोकात गुळाचा खडा आणि दोन बांगड्या बांधायच्या, काठी घ्यायची आणि मावळतीकडे चालू लागायचं. कुठे निघालीस माऊ, म्हटलं की सरळ उत्तर, "माहेरी." तिचं माहेर सरहद्दीच्या तारेच्या पलीकडे, हे तुला मी काय सांगू. ती उंटावर बसून नवरी होऊन याच धोऱ्यांतून आली तेव्हा तार नव्हती. मग लढाई झाली, वाट बंद झाली, तिची आई तिकडेच गेली आणि ती गेल्याची बातमीसुद्धा कुणाकुणाच्या हातून किती उशिराने आली. हे सगळं माऊने एकदा रडून संपवलं होतं. आता तिला तार आठवत नाही, लढाई आठवत नाही, आई गेली हे आठवत नाही. वाट तेवढी आठवते. आणि वाट नेमकी मोठ्या धोऱ्यावरून.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. तुझा भाऊ तिला अर्ध्या वाटेवरून खांद्याला धरून परत आणायचा आणि म्हणायचा, "माऊ, माहेरी जायचं तर जा, पण खालून जा ना, धोरा नको बिघडवू." मीही हसायचे. तिचे पाय सुजतात, जुती चढत नाही, म्हणून कुणा पाहुण्याने सोडून दिलेले निळे बूट मी तिला घातले होते. घागरा, ओढणी आणि खाली ते बूट. ती चालायला लागली की पोरं म्हणायची, माऊ ऑलिम्पिकला निघाली. तू लहान असताना वेणी घालायला बसवून ती तुझी हनुवटी धरायची आणि म्हणायची, "माझ्या आईचं तोंड चोरून आणलंस गं, चोरटे." त्या माऊला मुलं हसायची आणि मी त्यांना दटावायचे नाही. आता त्याचं वाईट वाटतं.

तर त्या दिवशी काय झालं ते ऐक. कलकत्त्याचे बागचीबाबू आले होते. दर वर्षी येतात. पाहुण्यांच्या झोपडीशेजारी जी पक्की खोली आहे तिच्या गच्चीवरून ते रोज पहाटे मोठ्या धोऱ्याचा एकच फोटो काढतात, त्याच कोपऱ्यातून, त्याच उंचीवरून. धोरा वर्षभरात किती सरकला ते त्यांना बघायचं असतं. दिवसा कॅमेऱ्याचं एका पायाचं स्टँड काठीसारखं टेकत धोऱ्याधोऱ्यांतून हिंडतात, कुठे वाळूत बुडालेल्या झाडाचा शेंडा सापडला की लहान मुलासारखे ओरडतात. माणूस भला, पण विसराळू इतका, की डोक्यावरचा चष्मा सगळ्या घराला शोधायला लावतो. त्या सकाळी चहाला आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "भाभीजी, सत्यानाश झाला! वर कुणी तरी चालून गेलंय. आज संध्याकाळचा प्रकाश सोन्यासारखा पडणार, आणि धारेवर ही पावलं!" मी वर बघितलं. बुटांची पावलं, शेजारी काठीसारखे ठिपके. बूट पाहुण्याचे, ठिपके स्टँडचे. मला वाटलं, स्वारी स्वतःच काल चालून आली आणि विसरली, आता आमच्या नावाने बोंब. तोंडाने "पुसते हं बाबूजी" म्हटलं, मनात दोन शिव्या घातल्या.

माऊ तेव्हा घरात नव्हती, पण एरवी ती सकाळी जन्नत चाचीकडे जाऊन बसायची. दोघी सांगरीच्या शेंगा निवडायच्या, एकमेकींचं ऐकू येत नसलं तरी भांडायच्या, आणि दुपारची भाकरी माऊ तिथेच खायची. त्यामुळे मला काळजी नव्हती. दुपारी भारा कमरेला बांधून मी धोऱ्यावर चढले. ऊन डोळ्यांवर, ओढणी तोंडावर ओढलेली, आणि डोक्यात बागचीबाबूंचा राग. खाली बघितलं असतं तर! पागीच्या घरची सून मी, बापूंच्या हाताखाली शेळी कुठली आणि मेंढी कुठली ते खुरावरून शिकलेली. पण त्या दिवशी मी पावलं वाचायला गेले नव्हते, पुसायला गेले होते. धारेपर्यंत गेले आणि सगळं साफ करून खाली आले. हात झटकले, ताकातली राब प्यायले आणि जरा आडवीसुद्धा झाले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जन्नत चाची दारात. "काय गं घसरणारी, सासूला आज कोंडून ठेवलीस की काय? सकाळपासून वाट बघतेय, भांडायला माणूस नाही." पेंपो, निळे बूट. काठी. मी बागचीबाबूंकडे धावले, विचारलं, तुम्ही काल वर गेला होता ना, खरं सांगा. ते गांगरले. म्हणाले, "मी कसा जाईन? परवापासून गुडघा धरलाय, गच्चीची पायरी चढताना रडू येतं मला." वर मोठा धोरा नुसता स्वच्छ, धुतल्यासारखा. माझ्याच हाताने.

तुझ्या भावाला निरोप गेला. तो आला, मी त्याला सांगितलं, पावलं होती आणि ती मी पुसली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो धोऱ्याकडे बघून म्हणाला, "पुसायला तुला मीच शिकवलं." मग उंट घेऊन जुन्या विहिरीच्या अंगाने निघाला, कारण बापूंच्या वेळी तारेकडची वाट विहिरीवरूनच जायची. वारा उठायला लागला होता. धारेवरून वाळूचा धूर निघत होता. धोऱ्यापलीकडे तिची पावलं असतीलच तर तीही आता वारा माझ्यासारखीच पुसत असणार, एवढंच माझ्या मनात येत होतं. माऊकडे पाणी नव्हतं. ओढणीत गूळ होता आणि दोन बांगड्या.

तेवढ्यात बागचीबाबू गच्चीवरून हाका मारायला लागले. गुडघा विसरून वर चढले होते. त्यांनी सकाळचा फोटो पुसलेला नव्हता. बिघडलेला म्हणून बाजूला काढला होता, पण पुसला नव्हता, कारण त्यांच्या हिशेबात एकही पहाट गाळायची नसते. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात त्यांनी तो मोठा मोठा करत नेला. आणि मला दिसलं. एक पाऊल नीट, दुसरं जरा फरफटत, फरफटीची बारीक रेघ वाळूवर ओढलेली, आणि शेजारी काठीचे ठिपके. माऊचा डावा पाय. हे मी रोज अंगणात बघते गं! पावलं धारेपर्यंत सरळ गेली होती, आणि तिथून विहिरीकडे वळलीच नव्हती. धारेवरून उजवीकडे, धोऱ्यात खांड पडून खिंडीसारखी वाट झाली आहे तिकडे गेली होती. तुझा भाऊ पार उलट्या दिशेला शोधत होता.

जन्नत चाचीच्या नातवाला मी त्याच्यामागे पिटाळलं आणि पाण्याची बाटली घेऊन धोऱ्यावर धावले. त्या दिवशी मी कायदा मोडला, वरून गेले, मधूनच. धारेवर पोचले तर डोळे उघडता येईनात. मागे वळून बघितलं की गच्चीवर बागचीबाबू लाल गमछा हलवत होते, अजून उजवीकडे, अजून उजवीकडे. खांडेतून पलीकडे उतरले, तिथे वाळू कोरी होती. एक पाऊल नाही. मी "माऊ, माऊ" ओरडत होते आणि तोंडात वाळू जात होती. मग खालच्या सपाटीत तो रोहिडा दिसला, एकटाच, फुलांनी नुसता पेटलेला. आणि एकदम आठवलं. माऊ आपल्या लग्नाची गोष्ट सांगायची त्यात नेहमी एक रोहिडा यायचा, जिथे वऱ्हाड थांबलं आणि तिची आई तिला निरोप देऊन तिथूनच मागे फिरली. विहीर बापूंच्या वाटेवर होती, माऊच्या नाही. आम्ही सगळे तिच्या नवऱ्याच्या वाटेने तिला शोधत होतो.

ती त्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. एक बूट काढून शेजारी ठेवलेला, पाय लाल, ओठ फुटलेले, आणि मांडीवर रोहिड्याची फुलं गोळा केलेली. मला बघून म्हणाली, "आलीस? किती हा उशीर! आणि मुराळी म्हणून बाईमाणूस पाठवतात का कुणी? भाऊ मेले की काय माझे?" मी पाणी पाजलं. घाईत अर्धं तिच्या गळ्यावर सांडलं, त्यावरूनही बोलणी खाल्ली. मी म्हटलं, भाऊ उंट आणायला गेलेत. तेवढ्यात तुझा भाऊ खरंच उंट घेऊन धोऱ्यावरून उतरताना दिसला. तिने मान डोलावली, ओढणी नीट केली आणि मोठ्या रुबाबात उंटावर चढली. घरी पोचेपर्यंत माहेर विसरली होती. मी विसरले नाही. त्या झाडाखाली ती मला आणखी काही बोलली होती, त्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे.

पण त्याआधी खाटेचं सांगते, नाही तर तुला वाटेल भाभी सुखात आहे. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या भावाने माऊचा पाय खाटेला बांधला. रागाने नाही. उंटाच्या पायात घालतो ती दोरी त्याने घेतली, टोचू नये म्हणून तिला माझ्या जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळली, आणि बांधताना तिच्या पायाशी बसून हुंदके देत होता. माऊ त्याच्याच डोक्यावरून हात फिरवत होती. "रडू नको रे, उंट सापडेल," म्हणत होती. तो म्हणतो, दुसरा उपाय सांग, आत्ता सोडतो. दिवसभर ती खाटेवर बसून त्या दोरीचे पीळ उकलत राहते, एकेक धागा. घोटा काळानिळा झाला आहे. मी सकाळी सोडते, अंगणात फिरवते, पण मला शेळ्या आहेत, पाहुणे आहेत, चूल आहे, परत बांधावंच लागतं. आणि होळीनंतर वारे सुरू होतील, पेंपो. चैत्रातला वारा तुला माहीत आहे, पाऊल उचललं की मागचं दिसत नाही. तेव्हा ती सुटली तर कुठलाही फोटो कामाचा नाही. या विचाराने माझी झोप उडाली आहे. आणि बांधून ठेवली तर ती त्या खाटेवरच संपेल, हेही मला दिसतंय. उकडलेल्या रताळ्यासारखी मऊ पडत चालली आहे ती, रोज थोडी.

आता दिवाळीचं. मी ते काढणार नव्हते. तू आलीस, तिच्यासाठी लाडू करून आणलेस, तिच्यापुढे बसलीस, तिने तुझ्याकडे एकदा टक लावून बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तू लाडू पुढे केलास, तिने ओठ घट्ट मिटले. तू किती वेळ तशीच बसलीस ते मी दारातून बघत होते. सकाळच्या बसने निघालीस तेव्हा मला म्हणालीस, "भाभी, तिला सगळे आठवतात, शेळ्या आठवतात, फक्त मी नाही. मला आई राहिली नाही." मलाही तेच वाटलं होतं. त्यानंतर तू आली नाहीस, आणि तुला कुणी दोष दिला नाही. निदान मी तरी नाही.

त्या रोहिड्याखाली माऊ मला काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. फुलं मोजता मोजता म्हणाली, "आई आली होती गं दिवाळीला. लाडू घेऊन. इतक्या वर्षांत एकदा न्यायला आली नाही, म्हणून मी रुसले. तोंड फिरवलं. मला वाटलं, अजून एकदा म्हणेल, घे गं, मग मी घेईन. तर ती उठून गेलीच. लेकीने रुसावं आणि आईने निघून जावं, असं असतं का कुठे? आता मीच जाते. पाया पडते तिच्या." पेंपो, ती पहिल्यांदा गूळ बांधून निघाली ती तुझी बस गेली त्याच सकाळी. आम्हाला तेव्हा जोडता आलं नाही. तुला ओळखलं नाही असं नाही झालं. ओळखलं, पण तुला आपली आई म्हणून ओळखलं. तोंड तिच्या आईचंच ना तुझं, चोरटे.

म्हणून हे पत्र. होळीच्या आधी ये. लेक म्हणून नको येऊस, ते दुःख तुला परत मिळेल, मी खोटं सांगत नाही. आई होऊन ये. माऊच्या पेटीत तळाशी तिच्या आईची एक भरतकामाची ओढणी आहे, ती मी उन्हात टाकून ठेवली आहे. तुझा भाऊ गेले काही दिवस रोहिड्यापाशी खींपाची एक झोपडी उभी करतोय. शेळ्यांसाठी म्हणतो. पण काल मला विचारत होता, माऊच्या माहेरच्या भिंतीवर मोर होते की उंट, आणि शेळ्यांसाठी कुणी भिंतीवर मोर काढत नाही. त्याला वाटतं तू येणार नाहीस, मी म्हटलं, येईल. तू त्या दारात उभी राहा. मी माऊची दोरी सोडून तिला धोऱ्यावरून घेऊन येईन, तिच्या वाटेने, तिच्या चालीने. ती रुसली असेल तर लाडू एकदा पुढे करून थांबू नकोस, परत कर, आणि परत. मग रोज सकाळी ती माहेरी पोचेल आणि संध्याकाळी मी तिला सासरी आणीन, आणि तू गेल्यावर त्या दारात आम्ही काही तरी करू, तिला सांगू आई पाण्याला गेली आहे. पण पहिल्या दिवशी आई हवी. सोबत बागचीबाबूंनी छापून पाठवलेला तो फोटो ठेवला आहे. नीट बघ, डाव्या पायाची फरफट दिसेल. ही तिची पावलं तुझ्याकडे यायला निघाली होती, आणि ती मी पुसली. तू येशील त्या दिवशी धोरा पुसायचा नाही, असं तुझ्या भावाने आजच ठरवलंय, मग कुणी पाहुणा कितीही ओरडो.

वाटेकडे डोळे लावलेली
तुझीच,
केकू भाभी